ब्रेकशेजारची वायर

जव्हारच्या आमच्या गल्लीत मी जीप मागे घेत होते. ब्रेक दाबायला पाय उचलला आणि अंगठ्यात काहीतरी अडकलं. गाडी बंद करून खाली वाकले तर डॅशबोर्डखालून एक पिवळी वायर लोंबत होती. तुटलेली. टोकाला आतली तांब्याची तार विस्कटून बाहेर आलेली. ती आत्ता माझ्या पायानं तुटली की आधीपासूनच तुटलेली होती, हे काही मला सांगता येईना. आणि लोंबायला जागा कुठली, तर नेमकी ब्रेकच्या शेजारची. माझ्या डोक्याला एवढं पुरे होतं.

माझा स्वभावच मेला असा. कुलूप लावलं की नाही म्हणून कोपऱ्यावरून परत येणारी मी. मी शिकवते त्या शाळेतल्या मोठ्या बाई मला मुद्दाम विचारतात, "गॅस बंद केलाय ना नक्की?" आणि मग मधल्या सुट्टीपर्यंत माझं कशात लक्ष लागत नाही. त्यांना हसायला होतं. मला होत नाही.

त्यात दुसऱ्या दिवशी आईला नाशिकला न्यायचं होतं.

भाताची लावणी उरकत आली होती तेव्हा आईला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. पाय हळूहळू थोडा परतला, धरून चार पावलं टाकायला लागली, पण शब्द नाही. जिच्या तोंडाला आयुष्यभर खळ नव्हता, जी बाजाराला निघाली की वाटेतल्या प्रत्येक घराशी बोलून मग बाजाराला पोचायची, ती माझी आई जव्हारच्या माझ्या भाड्याच्या खोलीत भिंतीकडे बघत पडून असायची. नाशिकला वाचेवर उपचार करणाऱ्या एक बाई आहेत. त्या म्हणाल्या होत्या, पहिले काही महिने महत्त्वाचे, खाडा करू नका. ते वाक्य मी इतकं घट्ट धरून ठेवलं होतं की शाळेत फळ्यावर लिहितानासुद्धा ते कानात वाजायचं. मला तिचा आवाज परत हवा होता. मला शिव्या घालणारा असला तरी चालेल, पण हवा होता.

जीप घेतली तीही त्यासाठीच. मोखाडा-खोडाळा रस्त्यावर माणसं वाहून वाहून थकलेली काळी-पिवळी होती ती. मी तिला पांढरा रंग दिला. पुढच्या सीटवर आईला बसवलं की ती एका अंगावर कलंडायची, पट्टा गळ्यापाशी यायचा. मागे मात्र दोन्ही बाजूंना लांब बाक होते. एकावर गादी टाकली, दाराकडे उशी लावली, ओढणीनं कमरेशी बांधलं की ती निजून यायची. गैरसोय एकच. मागचं मला काही दिसायचं नाही. आरशात नुसतं छत. आणि इंजिनाचा आवाज असा की मागं कुणी ओरडलं तरी ऐकू येणार नाही. आईला तर ओरडताही येत नव्हतं.

मागच्या खेपेला त्र्यंबकला चहासाठी थांबले, मागचं दार उघडलं, तर तिची उशी खाली पडलेली आणि ती गाल पत्र्याला टेकवून पडलेली. घाटातल्या कुठल्यातरी वळणावर घसरली असणार. तेव्हापासून त्र्यंबकपर्यंत तशीच. डोळ्यांतून पाणी वाहून गालावर वाळलेलं. मी पुढं बसून गुणगुणत होते.

तर अशी ती जीप, आणि अशी ती वायर.

मी सगळं लावून पाहिलं. हॉर्न वाजला. पुढचे दिवे लागले, वायपर फिरला, दोन्ही बाजूंचे इंडिकेटर टिकटिकले. ब्रेक दाबला की मागचे लाल दिवे लागतात का हे एकटीनं कसं बघायचं? पेडलवर वीट ठेवली आणि धावत मागे गेले. दिवे लागले होते. मग मला वाटलं, विटेनं लागतात, पायानं लागत नसतील तर? हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील, म्हणून सांगितलं नाही. पण शेजारच्या पोरीला मागे उभी करून पायानंही दाबून पाहिलं.

ज्याच्याकडून गाडी घेतली त्याचा फोन लागेना. मग ठाण्याला कंपनीत असलेल्या भावाला व्हिडिओ कॉल केला.

"ताई, कॅमेरा खाली धर. अजून खाली. तो तुझा पाय हाय गं."

"पाय दिसतोय ना? मग त्याच्या बाजूलाच आहे."

"पिवळी ना? काय नाय ती. ब्रेक चालतोय ना? टेन्शन मत ले."

ठाण्याला गेल्यापासून त्याला धीरसुद्धा हिंदीतच देता येतो. मी म्हटलं, तू घाटात आईला घेऊन जाणार आहेस का उद्या? मग मलाच वाईट वाटलं. त्याला सुट्टी मिळत नाही, यात त्याचा काय दोष?

संध्याकाळी गॅरेजवाल्याकडे गेले. त्यानं आडवं पडून टॉर्च मारला. वायरीचं दुसरं टोक गिअरजवळ गालिच्याखालून बाहेर आलं होतं, तेही तुटलेलं. "ही कंपनीची नाय, मॅडम. कुणीतरी मागाहून टाकलेली. पार मागपर्यंत जाते."

"कशासाठी?"

"गाण्याची असेल. असल्या गाड्यांत मागं स्पीकर लावतात." त्यानं ब्रेक तपासले, चाकं फिरवून पाहिली, दोन्ही टोकांना काळी टेप गुंडाळली. "बिनधास्त जा."

बिनधास्त हा शब्द माझ्या कामाचा नाही. छतात स्पीकर कुठंच नव्हता, स्पीकरची भोकंही नव्हती. घरी येऊन स्वयंपाक करताना मी स्वतःशीच बडबडत होते. वायर काही उगाच कुणी टाकत नाही. कुणाला तरी तिची गरज पडली असणार. ती गरज आता भागत नाही, आणि ती कोणती, हे मला माहीत नाही. भाकरी करपली. आईनं वासानं मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि पूर्वीची असती तर जे बोलली असती ते सगळं मला तिच्या नुसत्या भुवईवरून ऐकू आलं.

सकाळी निघालो. खाडा करायचा नाही म्हणजे नाही. दर वळणावर गरज नसताना मी ब्रेक दाबून बघत होते. रस्त्याच्या एका कडेला लोकांनी नाचणी, आमच्याकडची नागली, वाळत घातलेली, तिला चाक लागू नये म्हणून गाडी दुसऱ्या कडेला घ्यायची आणि समोरून एसटी आली की थांबायचं. असं थांबले की मी उतरून मागे जाऊन आईला बघून यायची. एका ठिकाणी तिनं माझ्याकडे असं बघितलं की, बाई, तू गाडी चालवतेस की मला राखतेस?

मोखाड्याला बाजाराचा दिवस होता. जीपच्या अड्ड्यावर एवढे ड्रायव्हर असतात, एखाद्याला तरी ठाऊक असेल, म्हणून मी थोडी अलीकडे सावलीत गाडी लावली. आईला वारा लागावा म्हणून मागचं दार उघडं ठेवलं आणि अड्ड्याकडे गेले. पण बाजाराच्या दिवशी कुठल्या ड्रायव्हरला सवड असते? एक जण गाडीत माणसं कोंबत होता, दुसरा टपावर टोपल्या चढवत होता. पिवळ्या वायरीचं नाव काढलं तर म्हणाला, "नंतर या, बाई. नंबर लागलाय माझा." मी चरफडत परतले.

आणि बघते तर माझी जीप भरलेली.

समोरच्या बाकावर बायका दाटीवाटीनं बसलेल्या. पायांशी टोपल्या, सुक्या बोंबलांचा वास, एक कोंबडी पिशवीतून मान काढून बघतेय. आईच्या पायाशीही एक जण टेकलेली आणि तिला म्हणतेय, "जरा पाय सरकव गं बाय, सगळी गाडी का तुझी?" आई हसत होती. खरंच हसत होती, वाकड्या तोंडानं. झटका आल्यापासून मी तिला हसताना बघितलं नव्हतं, आणि माझं सगळं लक्ष होतं ते त्या बोंबलांचा वास गादीला लागतोय का याकडे!

"उतरा, उतरा," मी म्हटलं. "ही जीप लाइनीची नाही."

"खोडाळ्याची ना?"

"नाही. माझी आहे."

"तुझी? मग डायवर कुठंय?"

"मीच ड्रायव्हर."

यावर त्या एवढ्या हसल्या की कोंबडीनं मान आत घेतली. मी सांगितलं, गाडी पूर्वी लाइनीची होती, आता पांढरी केलीय, दिसत नाही का? दाराजवळची, पोक्त बाई होती, ती म्हणाली, "रंग बदलला म्हून काय गाडी बदलते? माझा पाय वळखतो या पायरीला." आणि एवढं होऊनही आपण निघतोय असंच तिच्या मनात असावं, कारण बोलता बोलता तिनं दाराच्या खांबाकडे न बघता हात नेला, अंगठ्यानं काहीतरी दाबलं, पुन्हा दाबलं, आणि तोंड वाकडं केलं.

"बेल वाजत नाय तुझी. तुटली काय?"

मी तिच्या हाताकडे बघत राहिले. खांबाला, रंगाच्या थराखाली, शर्टाच्या बटणाएवढं एक काळं बटण होतं. रंगाऱ्यानं त्याच्यावरूनच ब्रश फिरवला होता आणि मी ते स्क्रू समजत आले होते.

मग सगळ्या एकदम मला सांगायला लागल्या. पाठीमागं माणसं पायरीवर लोंबकळतात, टपावर बसतात. पाडा आला की उतरायचं कसं सांगणार? पत्रा बडवला तरी डायवरला ऐकू येत नाही. म्हणून या गाडीच्या आधीच्या डायवरनं बेल लावली होती. एकदा दाबली की थांब. दोनदा दाबली की चल, एसटीच्या डबल बेलसारखं. टपावर चढणाऱ्याचा पाय अजून शिडीवर असला तर बेल द्यायची नाही, यावरून कितीदा भांडणं झालेली, तेही सांगितलं. मी तिथंच पायरीवर बसले. कालपासून डोकं पिकवलं, ठाण्यापर्यंत फोन झाले, आणि वायर निघाली ती मागच्या माणसानं पुढच्या माणसाला हाक मारायची!

समोरच्या दुकानातून टेप आणली. मीच गॅरेजवाल्याची टेप सोडली, दोन टोकं एकमेकांना पीळ घालून जोडली, गुंडाळली. डॅशबोर्डखाली धूळ खात असलेली बेलची डबी एकदम टर्रकन वाजली, एवढ्या जोरात की मी डोकं आपटून घेतलं. पोक्त बाईनं बटण दाबलं होतं. तिनं मग आईचा डावा हात उचलला, अंगठा बटणावर ठेवला आणि म्हणाली, "दाब."

आईनं दाबलं. टर्र.

पुन्हा दाबलं. पुन्हा. बायका हसायला लागल्या. मी मास्तरणीच्या सवयीनं सुरू केलं, "आये, एकदा म्हणजे थांब, दोनदा म्हणजे..." आणि तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी तोंड मिटलं. जन्मभर असल्याच गाड्यांतून बाजार केलेली बाई ती. तिला मी शिकवणार!

बायका उतरून खऱ्या गाडीकडे गेल्या. आम्ही निघालो तेव्हा मागून दोनदा टर्र झालं. मला इतका आनंद झाला की मी उगाचच हॉर्न वाजवला.

तोरंगणच्या घाटात तिनं थांबवलं. पाणी हवं होतं. पुढे पुन्हा थांबवलं, उशी सरकली होती. नंतर एकदा थांबवलं, दार उघडलं तर काहीच नको होतं, नुसतं उताराकडे बघत होती. मी म्हटलं, "आये, वेळ टळेल हं आपली." पण रागावले नाही. मागच्या खेपेचा तो पत्र्याला टेकलेला गाल माझ्या डोळ्यांपुढे होता.

नाशिकच्या बाई फार गोड आहेत. त्यांनी चित्रांचे पत्ते मांडले. सफरचंद, विमान, जहाज. "आजी, हे काय? वि... वि..." आईनं विमानाकडे बघितलं आणि मग खिडकीकडे. मी खुर्चीच्या टोकाला बसून तिच्याऐवजी ओठ हलवत होते. वि, वि. घसा माझाच दुखायला लागला. बाई म्हणाल्या, धीर धरा. धीर माझ्याकडे असता तर त्या वायरीचं एवढं झालं असतं का?

परतताना मोखाड्याजवळ खोडाळ्याकडे जाणारा फाटा लागतो. त्याच रस्त्यावर आमचा पाडा आहे. फाट्याशी गाडी आली आणि टर्र झालं. एकदाच.

मी थांबले, मागे गेले. पाणी? तिनं मान हलवली. उशी? नाही. डाव्या हातानं तिनं रस्ता दाखवला. मला लगेच कळलं, न कळायला काय झालं! मी म्हटलं, "आये, आज नको. बोलायला लागलीस ना, की नेईन बघ घरी." हे मी तिला रोज सांगत होते. जेवण भरवताना, केस विंचरताना. औषध गोड लागावं तसं सांगत होते. दार लावलं आणि जव्हारच्या दिशेनं गाडी काढली.

टर्र.

मी थांबले नाही. पुन्हा टर्र. उद्या शाळा होती. पाड्यावर डॉक्टर नाही, तिथून नाशिक आणखी आडवाटेला, संध्याकाळचे व्यायाम कोण घेणार? एकदा तिकडे गेलेली परत यायला तयार झाली नाही तर? टर्र. मी पुढं बसून मोठ्यानं म्हटलं, "पुरे की गं आता!" तिला ऐकू जाणं शक्य नव्हतं. टर्र. माझा पाय त्या वायरीपाशीच होता. नुसती अंगठ्यानं ओढली असती तर माझी जोडणी काही टिकली नसती. हे माझ्या मनात आलं, आणि चांगलं स्पष्ट आलं.

मग बेल थांबली.

एक वळण गेलं. दुसरं गेलं. मागून काही नाही. आता वाजेल, आता वाजेल म्हणून मी कान देऊन होते, आणि नुसतं इंजिन ऐकू येत होतं. इतका वेळ ती वाजत होती तेव्हा मला राग येत होता. गप्प झाली तेव्हा भीती वाटायला लागली. मी गाडी कडेला घेतली आणि धावत जाऊन दार उघडलं. तिनं हात खाली घेतला होता. तोंड पत्र्याकडे केलं होतं. उशी जागेवर होती, ओढणी जागेवर होती, कुठं काही घसरलेलं नव्हतं.

मी तिथं उभी राहून रडले. तिनं बोलावं म्हणून मी आठवड्यामागून आठवडा घाट चढत होते, आणि ती बोलली तेव्हा मी गाडी पुढे दामटली होती. विमान म्हण म्हणत होते तिला. तिला कुठं जायचंय विमानात?

गाडी वळवली. फाट्याला आत शिरताना मागून बेल आली नाही, मीही वाट बघितली नाही.

पाड्यावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आमच्या ओट्यावर शेजारच्या काकीनं तिची नागली वाळत टाकली होती, झाडून-सारवून ठेवला होता ओटा. काकीनं आणि मी मिळून आईला उतरवलं, खांबाला टेकवून बसवलं. काकी सुरूच झाली. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या पोरीला बघायला आले, माकडांनी कुणाची काकडी खाल्ली. उत्तराला थांबतच नव्हती. आई घशातून हुंकार देत होती, बरोबर जागच्या जागी, आणि काकी प्रत्येक हुंकाराला "तेच तर!" म्हणून पुढे जात होती. मी खांबाशी उभी. एक डोळा उन्हावर, एक रस्त्यावर. हातातली जीपची चावी बोटाभोवती फिरवत होते. अंधाराच्या आत जव्हार गाठायला हवं होतं. गोळ्या खोलीवर राहिल्या होत्या. उद्या सकाळची गोळी तरी पिशवीत आहे की नाही, ते आठवत नव्हतं.

"आये, चल," मी म्हटलं. "घर बघितलंस ना आता? उशीर होईल."

तिनं मान वर केली. डावा हात पुढे केला. मला वाटलं, उठायला आधार मागतेय, म्हणून मी वाकले. तिनं माझ्या बोटातली चावी काढून घेतली, एका हातानं धडपडत कनवटीला खोचली, वरून लुगडं नीट केलं. आणि शेजारी पसरलेल्या नागलीवर हात फिरवायला लागली.

मी हात तसाच पुढे धरून उभी होते. झटका आल्यापासून मी तिला खाऊ घातलं, उठवलं, निजवलं, गाडीत घातलं, गाडीतून काढलं, आणि तिनं मला कशालाच नाही म्हटलं नव्हतं. मला वाटायचं, तिला पटतंय सगळं.

मी हात मागे घेतला. चपला काढल्या आणि ओट्यावर तिच्या शेजारी बसले.